गुणवंताच्या चित्राखालची चिठ्ठी

गुणवंता,

काल तुझ्या शेडमध्ये गेलो होतो. कौतिकावहिनींनी कुलूप काढून दिलं आणि त्या बाहेरच उभ्या राहिल्या. आत रॉकेलचा आणि डिंकाचा वास अजून आहे. भिंतीला टेकवलेल्या चौकटी, त्यांच्यावर ताणलेल्या रेशमी कापडाच्या जाळ्या, रंग ओढायच्या रबरी पट्ट्या, सगळं जिथल्या तिथे. एका चौकटीत पताकांचं अर्धवट राहिलेलं काम तसंच वाळून बसलंय. तू असतास तर आतून ओरडला असतास, "अवं, जायी धुतली काहून नाई?" आणि वहिनींनी बाहेरूनच उत्तर दिलं असतं की हात तुमालेबी हायेत.

काल कोणीच ओरडलं नाही. मी एक चौकट उचलली आणि परत ठेवली. बाहेर आलो तेव्हा वहिनींनी कुलूप लावलं.

लोक मला म्हणतात, तू लिहिणारा आहेस, गुणवंतावर मृत्युलेख लिही. जन्म कुठला, शाळा कुठली, मागे कोण कोण. ते मी लिहिणार नाही. ज्यांनी तुझ्या पताका दारावर बांधल्या त्यांना ते ठाऊक आहे. ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांच्यासाठी एवढं पुरे की तू ज्वारी पेरणाऱ्या घरातला, मुंबईच्या गिरणीत कापडावर छपाई शिकलास, वाशीमला परत येऊन जाळीतून रंग ओढत राहिलास, आणि या वैशाखात तापाने गेलास. तुझं एक चित्र मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात लागलं आहे. त्या चित्राखाली काय लिहायचं हे भांडण आपण अर्धं सोडलं होतं. ते अर्धं माझ्या एकट्याच्या गळ्यात टाकून तू निघून गेलास, म्हणून हा लेख.

तुला माहीत आहे, मी अक्षरं पत्रकांवर शिकलो. माझे वडील, दादा, चळवळीत होते त्या काळात आमच्या घरी धान्याच्या कोठीमागे पत्रकांचे गठ्ठे असत. इतर पोरं बाराखडी गिरवायची तेव्हा मी "जागे व्हा" आणि "धिक्कार असो" वाचत होतो. त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य ओरडतं, असं तू म्हणायचास. "तुह्या घरी मीठ मागाचं असलं तरी तू मोर्चा काढशीन," म्हणायचास. मला राग यायचा. आज ते कोणीतरी पुन्हा म्हणावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

शिरपूरच्या जैन मंदिराकडून तुला चातुर्मासाच्या पताका छापायचं काम आलं. कापड तिथेच धर्मशाळेत छापून वाळवायचं होतं, म्हणून तू तिकडे राहिलास. सकाळी छपाई आणि दुपारी, रंग वाळेपर्यंत, तिथल्या साधूंचं प्रवचन. तू ना जैन, ना पंडित. तरी परत आलास तो वेगळाच होऊन आलास. बसमधून उतरलास आणि सामान खाली ठेवायच्या आधी मला म्हणालास, "अबे, त्या साधूनं मले छपाई शिकवली."

"छपाई? तुले?"

"आयक. हे मडकं पाय." चहाच्या टपरीवरचा पाण्याचा माठ तू दाखवलास. "मातीचं म्हून हे आहे. तांब्याचं म्हून नाई. आहे हेबी खरं, नाई हेबी खरं. आता दोन्ही एका दमात सांग."

"आहे अन् नाई."

"हे एकामागून एक सांगतलं तू. एका दमात सांग."

मी गप्प झालो. तू टाळी वाजवलीस. "सांगता येत नाई! ते तिसरं. आहे, नाई, सांगता येत नाई. आता हे तीन एकमेकांवर चढव. किती होतात?"

टपरीवाला म्हणाला, "च्या किती सांगू ते सांगा आधी."

तू टपरीच्या फळीवर ओल्या बोटाने तीन गोल काढलेस, एकमेकांत शिरलेले. तीन सुटे भाग, दोन-दोन मिळून तीन, आणि मधोमध जिथे तिन्ही येतात तो एक. सात. जैन लोक सत्य सांगायच्या सात रीती सांगतात, आणि तुझ्या तीन जाळ्यांतून सात रंग निघतात. तुला ते सापडलं याचा तुला इतका आनंद झाला होता की चहा तसाच निवून गेला. मी तुला म्हणालो की हे सगळं पोट भरलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान आहे. तू म्हणालास, "आपलं पोट कुठं भरलं आहे? तरी मले समजलं."

पुढच्या उन्हाळ्यात आपण त्या तीन गोलांचं चित्र छापायला बसलो. वाशीमच्या उन्हात रंग जाळीतच वाळतो, म्हणून तू उजाडताच काम सुरू करायचास आणि दारावर ओली पोती टांगायचास. पिवळा पहिला. तो तू डिंकाच्या पाण्यात एवढा पातळ केलास की बोटावर घेतला तर बोटाची रेषा दिसत होती. तो वाळल्यावर लाल चढवायचा होता, आणि तू मला म्हणालास, हा तू ओढ. मी आयुष्यभर भिंतीवरची पत्रकं छापणारा. मी लाल घट्ट कालवला, चांगला दाट, रस्त्यापलीकडून वाचता येईल असा, आणि पट्टी दाबून ओढली. चौकट उचलली तर पिवळ्याचा जो भाग लालाखाली आला होता तो गडप. नारंगी यायला हवं होतं तिथे नुसतं लाल, विटेसारखं.

तू कागदाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"हा रंग हाय का डांबर?"

"पल्याडून दिसला पाहिजे ना."

"अबे, हे काय इलेक्शन आहे? खालचा पिवळा कुठं गेला पाय. त्याले बोलू देल्लं नाई तू. तू बोलाले लागला का दुसऱ्याचं तोंड बंदच."

वहिनी उंबऱ्यात जाळी धूत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अन् तुमी बोलाले लागले का कोनाचं उघडं राह्यते हो?" आपण तिघंही हसलो. तो बिघडलेला कागद तू फेकला नाहीस. त्याच्या पाठीवर मी पुढे दोन पत्रकांचे मसुदे लिहिले.

पण मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, दाट रंगाची वेळ असते. सगळीकडे पातळ रंग चालत नाही. आणि मग विहिरीचं झालं.

रिसोडकडच्या त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आता तिथे पाणी सगळे भरतात आणि जुनं उकरून मला त्यांना पुन्हा भिंतीवर चढवायचं नाही. तेव्हा सार्वजनिक विहीर होती आणि एका वस्तीला तिच्यावर घागर लावायची बंदी होती. कायदा झाला होता. कायदा तालुक्याच्या कचेरीत होता आणि विहिरीवर पाटील होते. त्या वस्तीतल्या बाया नाल्यात झिरे खणून गढूळ पाणी आणायच्या. मी एका पोस्टरचा मजकूर लिहून तुझ्याकडे आलो. वर मोठ्या अक्षरात "विहीर सर्वांची". खाली पाटलांचं नाव घेऊन "हा माणूस नव्हे, कसाई आहे".

तू पहिली ओळ छापलीस. सुंदर छापलीस. निळ्या अक्षरांत, मधे पाण्यासारखी हलकी सावली सोडून. दुसरी ओळ छापायला तू नकार दिलास.

"हे खोटं आहे का?" मी विचारलं.

"एका बाजूनं खरं आहे."

"दुसरी बाजू कोनती? सांग. नाल्याचं पानी पिनाऱ्या लेकराले तू कोनती दुसरी बाजू दाखवशीन?"

"लेकराले नाई. तहानेले दुसरी बाजू नसते. पाटलाले असते. मी त्याच्या वसरीत जाऊन बसतो. भिंतीवर त्याले कसाई लिहिलं तर तो मले वसरीत येऊ देईन का?"

"तुले कायले जाचं आहे त्याच्या वसरीत?"

"बोलाले."

"बोलून इहिरी उघडतात?"

"अन् कागदानं उघडतात?"

मी तुला भेकड म्हणालो. तो शब्द मी परत घेत नाही, गुणवंता. तू गेलास म्हणून माझी मतं मेलेली नाहीत, आणि मेलेल्या मित्राची खुशामत करणं मला जमणार नाही, तुलाही ते आवडलं नसतं. मी ती दुसरी ओळ अकोल्याच्या एका छापखान्यातून काळ्या शाईत छापून आणली आणि गावच्या बाजारात वाटली. तू दर बाजारच्या दिवशी सायकल घेऊन पाटलांच्या ओसरीत जाऊन बसत राहिलास. तुला तिथे कळलं की पाटील स्वतःच्या भाऊबंदांना घाबरत होते. विहीर खुली केली तर पोरीच्या लग्नाच्या पंगतीला कोणी बसणार नाही, अशी धमकी होती. हे तू मला येऊन सांगितलंस, जणू तुला खजिना सापडला होता.

"मंग?" मी म्हणालो. "त्याच्या पोरीच्या पंगतीसाठी त्या बायांनी चिखल गाळून प्यायचा?"

तू खाली पाहत होतास, आणि ते मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मग एका सकाळी वस्तीतल्या बाया घागरी घेऊन विहिरीवर गेल्या. पाटील ओसरीतून उठले, पायरीपर्यंत आले आणि परत जाऊन बसले. बस. एवढंच झालं. बातमी वाशीमला पोचली तेव्हा आपण दोघं एकाच बसने गेलो. आपल्या दोघांच्याही मनात एकच होतं. हे कोणामुळे झालं, माझ्या कागदामुळे की तुझ्या बोलण्यामुळे?

वस्तीतल्या भागाबाईंना आपण विचारलंच. मला आठवतंय, त्या चुलीपुढे बसल्या होत्या आणि भाकर थापताना थांबल्याही नाहीत.

"तुमचा कागद आमाले वाचता येत नाई, भाऊ. अन् ह्यायचं बोलनं पाटलाच्या वसरीत झालं, ते आमाले आयकू आलं नाई."

"मंग कोनामुळं झालं?" तू विचारलंस.

"आमी गेलो म्हून झालं. अजून कोनामुळं? माह्या सुनेनं पयली घागर उचलली." मग त्यांनी आपल्याकडे पाहिलं. "च्या ठेवू का? का तुमाले आमच्या घरचा चालत नाई?"

"दोन कप ठेवा," तू म्हणालास. "याचं भांडन लय झालं, याचा घसा सुकला."

आपण त्या नव्या पाण्याचा चहा प्यायलो. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, आपण दोघंही बावळट ठरलो. तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "आपन दोघं दोन गोल काढून बसलो होतो."

तोपर्यंत तुझं चित्र पिवळ्या आणि नव्याने ओढलेल्या पातळ लालावरच अडलं होतं. तिसरी जाळी तू कापली नव्हतीस. निळा कुठे बसवायचा हे तुला सापडत नव्हतं, कितीदा कागद धरून तू उजेडात फिरवायचास. त्या आठवड्यात तू ती जाळी कापलीस. निळा तू बाकी दोघांपेक्षा मोठा केलास आणि खालून वर आणलास. पिवळ्यावर चढला तिथे हिरवा झाला, लालावर जांभळा. आणि मधोमध जिथे तिन्ही भेटले तिथे जो रंग आला त्याला तू नाव दिलं नाहीस. मला तो नांगरटीनंतरच्या ओल्या काळ्या मातीसारखा वाटतो. एका कडेला जाळी केसभर सरकली आणि कागदाची पांढरी फट राहिली. मी म्हणालो, पुन्हा छाप. तू म्हणालास, राहू दे, तिथून हवा येते.

ते चित्र तू शिरपूरला त्या धर्मशाळेत देऊन आलास. साधू तोवर पुढच्या गावी निघून गेले होते. ते एका भिंतीवर खिळ्याने लटकत राहिलं. जुन्या मूर्ती पाहायला आलेल्या एका संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी ते तिथे पाहिलं, पत्ता विचारत वाशीमला आले आणि म्हणाले की अशी नवी रंगीत जाळीछपाई, आणि तीही आपल्या तत्त्वज्ञानावरची, त्यांच्या संग्रहात नाही. तू त्यांना एक प्रत गुंडाळून दिलीस आणि जेवायला बसवलंस. वहिनींनी त्यांना इतकं तिखट वाढलं की ते गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "हेही तत्त्वज्ञानच आहे का?"

आपण ते चित्र लागलेलं बघायला गेलो तो दिवस. अकोल्याला गाडी बदलली. वहिनींनी तुला धुतलेलं धोतर बळजबरीने नेसायला लावलं होतं. दालनात शिरलो, आणि काचेमागे, चौकटीत, तुझे तीन गोल. तू लांब उभा राहिलास. जवळ जायला तुला लाज वाटत होती. मी पुढे जाऊन खालची चिठ्ठी वाचली: "तीन वर्तुळे. राष्ट्रीय ऐक्याचे प्रतीक."

माझं डोकं फिरलं. मी तिथेच सुरू झालो की हे खोटं आहे, अधिकारी कुठे आहेत, हे आत्ता बदललं पाहिजे. तू हसत होतास.

"राहू दे ना. एका बाजूनं तेबी खरं आहे."

"नाई! कोनत्याच बाजूनं खरं नाई! तू काढलेल्या चित्राबद्दल कोनी खोटं लिहिते अन् तू हसून राह्यला?"

"त्यायले तसं दिसलं. मी काय त्यायच्या डोयात बोट घालू?"

"मंग कोनीबी काहीबी लिहीन! उद्या चटणीच्या डब्याची जाहिरात म्हनतीन!"

"म्हनू दे. रंग तर दिसतीन."

पहारेकरी धावत आला आणि त्याने आपल्याला बाहेर काढलं. चित्रकाराला त्याच्याच चित्रापुढून बाहेर काढलं, आणि तू पायऱ्यांवर बसून इतका हसलास की तुला ठसका लागला. परतीच्या गाडीत आपण भांडलो. सत्याला बाजू असतात म्हणून असत्यालाही चालू द्यायचं का, हा माझा प्रश्न होता. तू म्हणालास, वाशीमला गेल्यावर सांगतो. मग कामं निघाली, मी दौऱ्यावर गेलो, तू पताकांत अडकलास. भेटलो की तू म्हणायचास, "ते उत्तर राह्यलं हाय तुह्यं, ध्यानात हाय मले."

या वैशाखात मी अकोल्याला होतो. परत आलो तर तुझ्या दारात चपलांचा ढीग होता. मला खरंच वाटलं की कुठली नाटकमंडळी आली आहे आणि तू पोस्टर वाटतो आहेस. मी हसतच आत आलो, गुणवंता. ते हसू तोंडावर असताना मी तुला पाहिलं.

तुझ्या नखांत निळा रंग होता. अंघोळ घालणाऱ्यांनी घासून पाहिला, निघाला नाही. मी म्हणालो, राहू द्या.

त्यानंतर मी तुझ्या साधूंचं गणित उलटसुलट लावून पाहिलं. तू आहेस. शेडमध्ये, वहिनींच्या बोलण्यात, माझ्या प्रत्येक वाक्यानंतर जो टोमणा मला ऐकू येतो त्यात. तू नाहीस. बाजारच्या दिवशी सायकल येत नाही, शेडला कुलूप असतं, मी कोपऱ्यावर वळतो आणि हाक मारायला तोंड उघडतो, आणि हाक गिळतो. आणि दोन्ही एका दमात मला सांगता येत नाही. तुझा तो तिसरा गोल मी तेव्हा पोट भरलेल्यांचा म्हणालो होतो. तो उपाशी माणसाचाही असतो, एवढं मी कबूल करतो. यापुढे नाही.

गेल्या महिन्यात ते अधिकारी पुन्हा शिरपूरला आले आणि तुझी बातमी कळून घरी भेटायला थांबले. भले गृहस्थ आहेत. वहिनींपुढे हात जोडून उभे राहिले. मग मला म्हणाले, "ती चिठ्ठी चुकली होती, मला नंतर समजलं. तुम्ही चार ओळी द्या. आता हीच कायमची राहील. ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस तिथे उभा राहतो, त्याला त्या चार ओळींतून जेवढा कळेल तेवढाच तुमचा मित्र."

जेवढा कळेल तेवढाच. या शब्दांनी माझी झोप उडाली. ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशी भांडलो ती आता माझ्या एकट्याच्या हातात आली, आणि तुला विचारायची सोय नाही.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. त्यात विहीर होती, कायदा होता, वस्ती होती, आणि "हे चित्र म्हणजे अन्यायाविरुद्धचा हुंकार आहे" असं होतं. वहिनींना वाचून दाखवला. त्या ज्वारी निवडत होत्या.

"हे तुमचं पत्रक झालं, भाऊजी. ते कुठं हायेत ह्यात?"

मी तो फाडला. दुसरा मी तुझ्या बाजूने लिहायचा प्रयत्न केला. अनेकांताचे, म्हणजे सत्याच्या अनेक बाजूंचे, उपासक, समन्वयाचे पुजारी, सर्वांच्या मतांचा आदर करणारे शांतचित्त कलावंत. वाचून संपवला तर वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"कोनाचं आहे हे? कोन्या महाराजाचं? अवो, ह्या मानसानं मायं डोकं फिरवलं होतं. बिडी प्यायचा, जायी मले धुवाले लावायचा, अन् तुमच्यासंगं भांडून आला का जेवताना एकटाच हातवारे करायचा. शांतचित्त म्हने!"

"हातवारे?"

"मंग! तुमाले काय उत्तर द्याचं त्याची तयारी करे ते. भाकर निवून जाये."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू भांडण तिथेच सोडून घरी जातोस आणि ते मी एकटाच घेऊन फिरतो. मी उठून अंगणात गेलो. वहिनींनी पाणी आणून दिलं.

तिसरा मसुदा मी त्यांच्याच अंगणात बसून लिहिला. तो असा:

"तीन जाळ्या, तीन रंग, त्यांच्या मिळण्यातून सात. छापणारा: गुणवंत, वाशीम. कोणतीही एक बाजू म्हणजे पूर्ण सत्य नव्हे, असं त्याचं म्हणणं. काही अन्यायांना दुसरी बाजू नसते, असं त्याच्या मित्राचं म्हणणं. हा वाद मिटलेला नाही."

वहिनींनी तो दोनदा वाचायला लावला. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ह्यात भांडन आहे. आता ते हायेत."

मी तो घेऊन स्वतः गेलो. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मित्राचं म्हणणं चिठ्ठीवर? असा आमच्याकडे नियम नाही."

"राष्ट्रीय ऐक्याचा होता का?"

"तुम्ही माणसाला उभं राहू देत नाही," ते म्हणाले. पण हसले. "आणि वाचणारा विचारेल, बरोबर कोण?"

"विचारू दे."

त्यांनी ती टंकून घेतली. शिपायाने जुनी चिठ्ठी काढली, नवी लावली, अंगठ्याने कडा दाबल्या आणि तो निघून गेला. मी चित्रासमोर उभा राहिलो. लोक येत होते. एका बाईने ओळी वाचल्या आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, मित्राचं बरोबर आहे. तो म्हणाला, तसं कसं, आणि ते दोघं तसेच बोलत पुढच्या दालनात गेले. मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं नाही. ती बाई माझ्या बाजूने बोलली होती, आणि मला त्याचा कणभरही आनंद झाला नाही.

मी तुझी वाट पाहत होतो. गाडीतलं ते राहिलेलं उत्तर, भाकर निववून तू तयार केलेलं, ते तू येऊन या ओळींवर फेकावंस, "अबे, हे काय लिहिलं," म्हणून मला भर दालनात खाली पाहायला लावावंस. मग मी त्यावर बोललो असतो, आणि तू त्यावर, आणि आपल्याला पुन्हा बाहेर काढलं असतं.

दालन बंद व्हायची वेळ झाली. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात शेवटचा शब्द कधीच कोणाचा राहिला नव्हता. आता तो माझा राहिला आहे, काचेखाली, छापील. मला तो नको आहे, गुणवंता.